काबुकीच्या छापचित्रांतील चेहरे असे ताणलेले का दिसतात?

काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकाराच्या लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांत नटांचे चेहरे इतके विचित्र का असतात आणि ती व्यंगचित्रे समजावीत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तसे समजू नये. काबुकीत उत्कट प्रसंगी नट हालचाल थांबवतो आणि डोळे वटारून एका ठाशीव मुद्रेत क्षणभर स्थिर राहतो. या मुद्रेला ‘मिए’ म्हणतात. चित्रकारांना असे क्षण विशेष प्रिय होते. शिवाय त्या चेहऱ्यात पात्राइतकाच नटही ओळखू यावा लागे, कारण चित्र विकत घेणारा रसिक बहुधा त्या नटाचाच चाहता असे.

शाराकू या चित्रकाराने काढलेले एदोबेई या पात्राचे चित्र पाहा. १७९४ मध्ये एदो येथील (आजचे तोक्यो) कावाराझाकी नाट्यगृहात ओतानी ओनिजी तिसरा या नटाने ही खलभूमिका केली होती. इप्पेई नावाच्या सेवकाजवळचे पैसे लुटायला आलेल्या या माणसाची हनुवटी पुढे आली आहे, ओठ आवळलेले आहेत, भुवया चढल्या आहेत आणि अंगावरच्या वस्त्राच्या गळ्यातून बोटे फाकलेले दोन्ही पंजे बाहेर आले आहेत. ते पंजे चेहऱ्याच्या मानाने फारच लहान आहेत, आणि ते नेमके कुठल्या बाहूंना जोडलेले आहेत हे कळत नाही. तरीही झडप घालण्यापूर्वीचा सगळा ताण मला त्या बोटांतच दिसतो. मागे अभ्रकाची पूड वापरून छापलेली काळसर, चकाकती पार्श्वभूमी आहे, त्यामुळे नजरेला दुसरीकडे जायला वावच राहत नाही. इचिकावा ओमेझोने साकारलेल्या इप्पेईचे वेगळे चित्रही शाराकूने काढले आहे. शक्य असल्यास दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

१६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी झाली आणि पुढे स्त्रीभूमिका पुरुषच करू लागले. शाराकूने अशा नटांचे रुंद जबडे आणि वयही लपवले नाही. त्याच सुमारास तोयोकुनी हा दुसरा चित्रकार नटांना अधिक देखणे रंगवत होता आणि त्याला दीर्घ यश लाभले. शाराकूची कारकीर्द मात्र सुमारे दहा महिन्यांत संपली. सत्य दाखवण्याच्या अतिहव्यासामुळे तो फार काळ टिकला नाही, असा अभिप्राय त्याच्या जवळच्या काळातच नोंदला गेला होता आणि मला तो पटतो.

शासनालाही ही चित्रे खुपत असत. १८४२ मध्ये नटांची चित्रे छापण्यास मनाई झाली. त्यानंतर काही वर्षांनी कुनियोशी या चित्रकाराने कोठाराच्या भिंतीवर कोणीतरी खिळ्याने ओरखडावेत तसे चेहरे काढून छापले. ते वरवर पोरकट रेघोट्यांसारखे दिसतात, पण त्यांतले नट एदोच्या प्रेक्षकांनी अचूक ओळखावेत अशीच ती योजना होती.