कोरियातल्या मुलाचं ख्रिसमसचं तिकीट कोणी काढायचं?

तुमचं पत्र मुलाच्या तिकिटाबद्दल आहे, पण त्यात तुमच्या सीडीबद्दल, म्हणजे बँकेतल्या मुदत ठेवीबद्दल, चार ओळी आहेत आणि मुलाच्या पगाराबद्दल एकही नाही. आधी तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात मांडतो. मुलगा अमेरिकन आर्मीत स्पेशालिस्ट, म्हणजे ई-४ या कनिष्ठ हुद्द्यावर. एक वर्षासाठी दक्षिण कोरियात कॅम्प हम्फ्रीजला एकटाच आहे. डिसेंबरमध्ये दोन आठवड्यांची रजा घेऊन न्यू जर्सीला यायचं म्हणतो. इंचॉन ते नूअर्क येण्याजाण्याचं तिकीट १,९०० डॉलरच्या आसपास दिसतंय. त्याच्याकडे ९०० डॉलर शिल्लक आहेत, म्हणून तो १,८०० डॉलरचं कर्ज काढायला निघालाय. त्याने कर्ज काढू नये यासाठी तुम्ही जानेवारीत पिकणारी दहा हजारांची सीडी आत्ताच मोडायच्या विचारात आहात.

दोन्ही नको. पण दोन्हींतला वाईटपणा सारखा नाही, म्हणून आकडे बघू. मिलिटरी लेंडिंग ॲक्टमुळे सेवेत असलेल्या सैनिकाकडून वर्षाला ३६ टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. हा कायदा चांगला आहे, पण ३६ टक्के म्हणजे स्वस्त नव्हे. त्या दराने १,८०० डॉलर दोन वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १०६ डॉलर जातील आणि व्याजच साडेसातशेच्या घरात जाईल. सीडी मोडायचा दंड तुमच्या बँकेत तीन महिन्यांचं व्याज आहे असं तुम्ही लिहिलंय. चार टक्क्यांच्या हिशेबाने तो शंभर डॉलर होतो. फक्त या दोनच वाटा असत्या, तर मी डोळे मिटून सीडी मोडा म्हटलं असतं.

तिसरी वाट त्याच्या पगारात आहे. २०२५च्या एप्रिलपासून कनिष्ठ हुद्द्यांचा पगार चांगला वाढला. ई-४चा मूळ पगारच आता महिन्याला ३,००० डॉलरच्या वर आहे. राहणं बराकीत, जेवण मेसमध्ये. जेवणाची रीतसर कपात होते, पण घरभाडं नाही. मग ९०० डॉलरच का उरलेत? तुम्ही विचारलं नसावं, असा माझा अंदाज. आई-वडील पैशाला तयार असले की मुलंही आपणहून सांगत नाहीत. त्याला त्याचं एलईएस, म्हणजे लष्कराचं पगारपत्रक, पाठवायला सांगा. त्या एका कागदावर पगार, कपाती आणि शिल्लक रजा सगळं दिसतं. रजा महिन्याला अडीच दिवसांनी साठते आणि मधले शनिवार-रविवारही रजेतच मोजले जातात. म्हणून चौदा दिवस खरंच जमा आहेत का, हे तिकिटाआधी पाहा.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की त्याची गाडी तुमच्या ड्राइव्हवेत उभी आहे आणि हप्ता ४८० डॉलर आहे. मला तिकिटापेक्षा ही ओळ महत्त्वाची वाटली. गाडीचं कर्ज त्याने भरती होण्याआधी काढलं असेल आणि व्याज सहा टक्क्यांच्या वर असेल, तर सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्टखाली सेवेत असेपर्यंत ते सहा टक्क्यांवर आणावं लागतं. वरचं व्याज पुढे ढकललं जात नाही, माफ होतं. हे आपोआप होत नाही. बँकेला लेखी अर्ज आणि त्याच्या लष्करी ऑर्डरची प्रत द्यावी लागते. विमा कंपनीलाही गाडी वर्षभर उभीच राहणार आहे हे कळवा आणि हप्ता किती कमी होतो ते विचारा. कर्ज असेपर्यंत सगळा विमा काढून टाकता येणार नाही, पण चालत्या गाडीचे पैसे कशाला भरायचे?

एक कपात मात्र हलवू नका, टीएसपीची, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचतीची. नव्या निवृत्ती योजनेत सेवेची दोन वर्षं पूर्ण झाल्यावर त्याने पाच टक्के टाकले की सरकारही एकूण पाच टक्के टाकतं. तिकिटासाठी ते चार महिने थांबवणं म्हणजे पगाराचा तुकडा परत करण्यासारखं आहे.

लष्कराचं विमान फुकट असतं असं त्याचे मित्र सांगतात, ते खोटं नाही. हम्फ्रीजजवळच्या ओसान तळावरून सिअ‍ॅटलला पॅट्रियट एक्सप्रेस हे लष्कराचं प्रवासी विमान जातं आणि रिकाम्या जागांवर, म्हणजे स्पेस-ए वर, सुटीवरच्या सैनिकांना नेतात. पण साध्या रजेवाल्याचा क्रमांक तिसऱ्या श्रेणीत. त्याच्या आधी तातडीच्या रजेवाले, मग दुसरी श्रेणी. शिवाय नाव नोंदवताना तो रजेवर असावा लागतो. म्हणजे ओसानला ताटकळत घालवलेला प्रत्येक दिवस चौदातून वजा. सिअ‍ॅटल ते नूअर्क तिकीट वेगळं. आणि परतीला जागा मिळाली नाही म्हणून उशीर झाला, तर ती सबब चालत नाही, गैरहजेरी लागते. त्यामुळे परतीच्या साध्या तिकिटाचे पैसे हाताशी असल्याशिवाय स्पेस-ए वर निघूच नये. ते हाताशी असतील, तर ख्रिसमसच्या गर्दीत हा खेळ कशाला?

साध्या रजेचं तिकीट सरकार देत नाही, हा नियम. पण कोरियातून थेट दुसऱ्या परदेशी तळावर जायचं किंवा तिथलाच मुक्काम वर्षाने वाढवायचा त्याचा विचार असेल, तर सरकारी खर्चाने घरी येण्याच्या सवलती आहेत. मुदतवाढीची सवलत ठरावीक कामांतल्या सैनिकांनाच मिळते. काहीही सही करण्याआधी युनिटच्या एस-१, म्हणजे कर्मचारी विभागाच्या, कार्यालयात विचारायचं, नंतर विचारून उपयोग नाही.

त्याच्या आजींना अचानक काही झालं तर काय, ही तुमची काळजी रास्त आहे. तुम्हा दोघांपैकी कोणाचं गंभीर काही झालं, तर रेड क्रॉसमार्फत निरोप जातो आणि अमेरिकेपर्यंतच्या प्रवासाचा खर्च सरकार करतं. आजी त्या यादीत बसत नाहीत, त्यांनी त्याला आईसारखं वाढवलं असेल तरच बसतात. तेव्हा ते ९०० डॉलर तसेच राहू द्या. ते आजींसाठी आहेत. आर्मी इमर्जन्सी रिलीफ अशा वेळी बिनव्याजी कर्ज देतं, सुटीसाठी नाही.

आता सप्टेंबरच्या १ तारखेपासून ऑक्टोबरच्या १५ पर्यंत त्याचे अर्ध्या-अर्ध्या महिन्याचे चार पगार होतात. प्रत्येकातून ३५० बाजूला पडले की १,४०० डॉलर. उरलेले ५०० तुम्ही दिवाळीचे म्हणून द्या, चालू खात्यातून. गाडीतून काही सुटलं, तर तेवढं त्याला हलकं. ऑक्टोबरपर्यंत विमानाचं भाडं चढेल अशी भीती असेल, तर रजा मंजूर होताच तिकीट तुमच्या कार्डावर काढा, बिल पूर्ण भरा आणि त्याला पगारातून तुमच्या खात्यात अलॉटमेंट, म्हणजे दर महिन्याला परस्पर वळती होणारी रक्कम, लावायला सांगा.

मंजूर रजाही युनिट रद्द करू शकतं. बेसिक इकॉनॉमीचं, म्हणजे सगळ्यात स्वस्त, तिकीट तेव्हा बहुतेक वेळा वाया जातं. तारीख बदलता येणारं तिकीट शंभर-दीडशेने महाग पडलं, तरी तेच घ्या. सुरुवात इंचॉनहून असल्यामुळे बदलाच्या अटी नूअर्कहून निघणाऱ्या तिकिटासारख्याच असतील असं धरू नका, वाचून घ्या. आणि तुमच्या धाकट्या मुलीच्या कॉलेजची सुटी जानेवारीच्या मध्यापर्यंत असेल, तर नाताळचा आठवडा सोडून नव्या वर्षातल्या तारखाही एकदा पाहा.