नवऱ्याला लहानपणी तिरळेपणा होता, बाळालाही होईल का?

होईलच असं नाही, पण शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते. तिरळेपणा घराण्यात चालतो हे खरं आहे. एकसारख्या जुळ्यांमध्ये दोघांनाही तो असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त आढळतं. तरीही ते शंभर टक्के नसतं, म्हणजे सगळं जनुकांवर अवलंबून नाही. एकाच जनुकामुळे येणारे प्रकारही आहेत, पण ते दुर्मीळ. बहुतेकदा अनेक जनुकं मिळून कल तयार करतात. शिवाय अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, गरोदरपणात आईचं धूम्रपान यांनीही धोका वाढतो.

नवऱ्याला लहानपणी प्लसचा मोठा नंबर होता का, हे सासूबाईंना नक्की विचारा. अनेकदा वारशानं येतो तो हा नंबर. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून मूल डोळ्यांवर ताण देतं आणि त्या ओढीनं डोळा नाकाकडे वळतो. हा प्रकार साधारण दोन-तीन वर्षांच्या सुमारास दिसू लागतो आणि पुष्कळदा नुसत्या चष्म्यानं डोळे सरळ होतात.

पहिले तीन-चार महिने डोळे अधूनमधून भरकटले तर घाबरू नका. त्यानंतरही डोळा वळत असेल, किंवा एकच डोळा सतत वळलेला असेल, तर लगेच बालनेत्रतज्ज्ञांना दाखवा. डोळ्याच्या बाहुलीत (मधल्या काळ्या ठिपक्यात) पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नका. ‘तिरळा डोळा नशीबवान’ म्हणणाऱ्यांचं कृपया ऐकू नका. वळलेल्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू हळूहळू नाकारतो आणि त्या डोळ्याची नजर मंद होते. काही दिसत नसलं तरी घरात इतिहास आहे, म्हणून पहिल्या वर्षात एकदा तपासणी करून घ्याच.