महाराष्ट्रीय पदार्थांचे फोटो मळकट का येतात? फूड फोटोग्राफी आणि स्टायलिंग शिकायला कोर्स करावा की चांगला कॅमेरा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की पास्ता आणि केकचे फोटो तुमच्याच मोबाइलवर छान येतात, पण आमटी, उसळ, भरली वांगी काढली की सगळं तपकिरी आणि मळकट दिसतं. म्हणून कोर्स करावा की कॅमेरा बदलावा, असा प्रश्न. कोर्स आणि कॅमेऱ्याकडे नंतर येते. पण 'आपलं जेवण फोटोत दिसतच नाही' या विषयावर माझं एका फोटोग्राफरशी जुनं भांडण आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच होणार.

मी पुण्यात फूड स्टायलिंग करते, म्हणजे फोटोसाठी पदार्थ शिजवून, मांडून देते. त्याआधी बरीच वर्षं डबे देत होते. एका मसाला कंपनीच्या पाकिटासाठी भरल्या वांग्यांचा फोटो हवा होता. फोटोग्राफर मुंबईहून आलेले, पिझ्झा-बर्गरच्या कामात मुरलेले, सोबत दोन असिस्टंट आणि सामानाने भरलेली गाडी. मी वांगी मांडली. त्यांनी दोन-चार फोटो काढले, स्क्रीनकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाले, "हे सगळंच ब्राउन आहे. वरून थोडं क्रीम सोडू या."

"भरल्या वांग्यांवर क्रीम?"

"कॉन्ट्रास्ट लागतो, मॅडम."

कंपनीतर्फे आलेला पोरगा सुद्धा मान डोलवायला लागला. उद्या पाकीट घेऊन जाणारी बाई घरी वांग्यांवर क्रीम ओतणार आहे का, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नव्हता.

आता दोष कशात होता ते सांगते, कारण तुमच्या मळकट फोटोंचं उत्तरही तेच आहे. त्यांचा मोठा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाच्या खोक्यातला दिवा, उजेड मऊ करणारा) कॅमेऱ्याच्या बाजूने, समोरून मारलेला होता. समोरून उजेड आला की पदार्थावरच्या बारीक बारीक सावल्या नाहीशा होतात. दाण्याच्या कुटाचा रवाळपणा, मसाल्यातले तीळ, वांग्याच्या सालीवरची सुरकुती हे सगळं त्या सावल्यांमुळेच दिसत असतं. त्या गेल्या की उरतो नुसता तपकिरी गोळा. तेलाचा तवंग चमकतो तोही दिव्याचं प्रतिबिंब लेन्सपर्यंत पोहोचलं तरच, आणि त्यासाठी दिवा पदार्थाच्या मागे किंवा मागच्या कोपऱ्यात हवा. पास्त्याचा सॉस पांढरा असतो, केकला रंगीत आयसिंग असतं, म्हणून समोरच्या उजेडातही ते खपून जातं. आपल्या रश्शाला ती सवलत नाही.

मी म्हटलं, लाइट मागे घ्या. त्यावर जे उत्तर मिळालं ते अजून कानात आहे: "लाइटचं मी बघतो, तुम्ही कोथिंबीर बघा."

म्हणजे स्टायलिस्ट म्हणजे शेवटी येऊन कोथिंबीर भुरभुरवणारी बाई! त्या ताटलीसाठी मी पहाटेपासून काय केलं होतं ते ऐका. काटेरी वांगी मंडईत एकेक हातात घेऊन निवडलेली, देठ हिरवे आणि ताठ, आकार जवळजवळ सारखा. वांग्याच्या सालीचा जांभळा रंग पाण्यात विरघळणारा असतो. रश्शात मुरवत शिजवलेलं वांगं चवीला अप्रतिम, पण साल राखाडी होते. तेच वांगं कडकडीत तेलातून काढलं तर रंग बराच टिकतो. म्हणून चिरा पाडून मिठाच्या पाण्यात टाकलेली वांगी पुसून कोरडी केली, तळली, साल मऊ पडली पण आकार ढळला नाही अशा बेताला बाहेर काढली. दाण्याचं कूट, सुकं खोबरं, तीळ, कांदा, गोडा मसाला, चिंच-गूळ हे वेगळं परतलं आणि चहाच्या चमच्याने नंतर भरलं, चिरेतून मसाला जरासा डोकावेल असं. तवंग तर अगदी स्वतंत्र केला. तेल तापवून गॅस बंद केला, जरा निवू दिलं आणि मग ब्याडगी मिरचीची पूड घातली. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पण तेल फार तापलेलं असेल तर पूड करपते आणि तेलही तपकिरी होतं. मग ते तेल फडक्यातून गाळून छोट्या वाटीत तयार ठेवलं, फोटोच्या अगदी आधी ड्रॉपरने कडेकडेने सोडायला. यातलं एकही काम कॅमेऱ्यामागे उभं राहून शिकता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी ती ताटली उचलली आणि स्टुडिओच्या खिडकीपाशी नेली. खिडकी ताटलीच्या मागे आणि किंचित डावीकडे, ताटलीच्या पुढे थर्माकोलचा तुकडा उभा केला, म्हणजे अलीकडच्या बाजूला थोडा उजेड परत येतो. मोबाइलवर फोटो काढला आणि कंपनीच्या त्या पोराला दाखवला. तो म्हणाला, "हेच तर हवंय!" सुट्टीनंतर सॉफ्टबॉक्स निमूटपणे मागे गेला. क्रीमचा डबा उघडला नाही. पाकीट छापून आलं, आणि तो फोटो फोटोग्राफर साहेबांच्या वेबसाइटवर त्यांच्या एकट्याच्या नावाने झळकतोय. वर्कशॉपमध्ये ते अजूनही सांगतात म्हणे, की मराठी जेवण शूट करणं फार अवघड.

त्याच दिवशी आणखी एक वाद झाला होता. वांगी रश्शात बुडतात म्हणून खाली काहीतरी टणक ठेवू या, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातींत हाच उद्योग झाला होता. भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी संस्थेने कारवाई केली आणि १९७० मध्ये कंपनीला ते बंद करण्याचं मान्य करावं लागलं. आपल्याकडेही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ पासून वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. मी काही वकील नाही, पण माझा नियम सोपा आहे: जे विकताय ते खरं हवं. वांगी बुडत असतील तर उथळ भांडं घ्या आणि रस्सा दाट करा. सरबताच्या जाहिरातीत बर्फाचे खडे अॅक्रिलिकचे असले तर माझी हरकत नाही, कारण तिथे बर्फ विकला जात नाहीये.

तर, घरच्या घरी काय करायचं. ट्यूबलाइट, बल्ब सगळं बंद. हे पहिलं आणि सगळ्यात स्वस्त. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा: खिडकीतला उजेड साधारण ५५०० केल्विनच्या आसपास, पिवळा बल्ब २७०० ते ३०००. दोन्ही एकत्र आले की कॅमेऱ्याला पांढरं काय तेच कळत नाही, आणि हळदीचे पदार्थ आधी बिघडतात: पोहे हिरवट, वरण नारिंगी. ऊन थेट येत असेल तर खिडकीला बटर पेपर किंवा पांढरी विरलेली ओढणी लावा. पावसाळ्यात तेही लागत नाही, ढगच ते काम करतात. माझ्या मते पुण्यात जुलै-ऑगस्टइतका सुंदर उजेड वर्षभरात दुसरा नाही. काळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडाही जवळ ठेवा. पांढरा थर्माकोल उजेड देतो, काळा पुठ्ठा घालवतो, आणि भाकरीचे पोपडे, थालीपीठाची भोकं उठून दिसायला दुसराच जास्त उपयोगी पडतो.

स्टीलच्या ताटाला घाबरू नका. त्यात तुम्ही, तुमचा पंखा आणि वाळत घातलेले कपडे दिसतात हे खरं. पोलरायझर फिल्टर (लेन्सवर लावायची, चकाकी कमी करणारी काच) घेतला की जाईल असं दुकानदार सांगेल, ते ऐकू नका, धातूवरच्या प्रतिबिंबांना तो फिल्टर जवळजवळ काही करत नाही. ताटावर पांढरी चादर ताणा, तिला लेन्सपुरतं भोक पाडा. ताटात मग चादरीचा पांढरा रंगच दिसतो.

वरून फोटो घ्यायचा तो ताटाचा, केळीच्या पानाचा. मिसळ, आमटी, उसळ वाटीत असेल तर ४५ अंशांच्या आसपास. वडापाव मात्र त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, नाहीतर वरून नुसता पाव दिसतो. मोबाइलची वाइड लेन्स जवळ नेऊ नका, वाट्या कडेला ताणल्यासारख्या दिसतात. दोन पावलं मागे जा आणि मोबाइलला वेगळी २ एक्सची लेन्स असेल तर ती वापरा.

ताटावरून आठवलं. मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे हे तुम्हाला मी सांगायला नको. पण फोटो दिल्यावर डिझायनर मजकुराला जागा हवी म्हणून तो आडवा उलटवतात, आणि एका क्लिकमध्ये चटणी उजवीकडे जाते. त्यांना ते कळत नाही. छापून आल्यावर पहिला फोन कुठल्या तरी आजींचा येतो. म्हणून फोटो पाठवताना 'उलटवू नये' असं ईमेलमध्ये लिहून टाकायचं, आणि मांडतानाच वर किंवा खाली मजकुरापुरती जागा सोडायची.

कोर्सचं विचारलंत. करू नका. निदान आत्ता नको. ज्या कोर्समध्ये पदार्थ बाहेरून मागवून समोर ठेवले जातात आणि शिकणारे फक्त क्लिक करतात, तिथे तुम्ही स्टायलिंग शिकत नाही, कॅमेऱ्याची बटणं शिकता. ती व्हिडिओ बघूनही येतात. स्टायलिस्टला पदार्थ कधी आणि का बिघडतो हे कळावं लागतं. बटाटेवड्यावर लाल ठिपके का पडले? पिठात सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही, आणि हळद सोड्याच्या संगतीत लाल होते. फरसबीची भाजी शेवाळी का झाली? झाकण ठेवून शिजवली किंवा आंबट लवकर घातलं. उकडीचे मोदक पाच-दहा मिनिटांत कोरडे का दिसायला लागले? पंख्याखाली ठेवले म्हणून. त्यांना ओलसर फडकं आणि ऐनवेळी तुपाचा ब्रश लागतो. हे ज्ञान स्वयंपाकघरात मिळतं. आईला, सासूबाईंना, गल्लीतल्या डबेवाल्या काकूंना विचारा, फुकट आहे. आम्हा डबे देणाऱ्या बायकांना त्या साहेबांनी 'कुक' म्हणून एका बाजूला बसवलं होतं. अहो, तुमच्या त्या ताटलीत जे काही दिसत होतं ते सगळं कुकनेच केलं होतं.

थोडं मागे घेते. ज्यांना जाहिरातपटांत जायचंय त्यांनी एखाद्या मुरलेल्या स्टायलिस्टच्या हाताखाली काम करावंच. तिथली शिस्त घरी येत नाही. म्हणजे उजेड लावायला आधी डमी ताटली ठेवायची, खरी 'हीरो' ताटली शेवटी आणायची, आणि चिमटे, ड्रॉपर, ब्रश, इअरबड, टिश्यू हे सगळं हाताशी. कोर्स करायचाच असेल तर फी भरण्याआधी एकच विचारा: पदार्थ कोण शिजवणार? उत्तर 'आम्ही मागवतो' असं आलं तर परत फिरा. सगळेच फोटोग्राफर तसे असतात असंही नाही. आता मी ज्याच्याबरोबर काम करते तो आधी चमचाभर चाखतो आणि मग दिवा कुठे ठेवायचा ते मला विचारतो.

आणि काम मिळायला लागेल तेव्हा स्टायलिंगची रक्कम फोटोग्राफीच्या बिलात मिसळू देऊ नका. वेगळी ओळ, वेगळं बिल, सामानाचा खर्च निराळा, निम्मे पैसे आगाऊ. फोटो जिथे जिथे जाईल तिथे स्टायलिस्टचं नाव जाईल, हे काम सुरू होण्याआधी ईमेलवर कबूल करून घ्या. तोंडी नको. तोंडी कबुली मलाही मिळाली होती.

राहिला कॅमेरा. मेन्यूकार्ड आणि इन्स्टाग्रामपर्यंत मोबाइल पुरतो. पाकीट छापायचं असेल किंवा होर्डिंग असेल तर कॅमेरा लागतो, तिथे माझा आग्रह चालणार नाही. कॅमेऱ्याची बॉडी वापरलेली घ्या, वाचलेल्या पैशांत ५० मिमीची लेन्स, आणि पुढे जमलं तर १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीकसारीक टिपणारी लेन्स. एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून, फोटो काढून सगळं धूसर करायचा मोह होईल. ताटलीसाठी तोंड लहान करून एफ ५.६ ते एफ ८ ठेवा, नाहीतर एक वांगं स्पष्ट दिसतं आणि बाकीची कुठली भाजी आहे ते सांगावं लागतं. ट्रायपॉड मात्र नवा आणि दणकट घ्या, वरून फोटो काढताना तो कलंडला तर कॅमेरा थेट आमटीत.