उनाड वर्ग आणि नवा शिक्षक या विषयावरचा कोणता जुना चित्रपट पाहावा?

एकच सुचवायचा झाल्यास मी १९६७ सालचा ‘टू सर, विथ लव्ह’ सुचवेन. ई. आर. ब्रेथवेट यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन जेम्स क्लॅव्हेल यांनी केले आहे. अभियंत्याची नोकरी मिळत नसल्यामुळे लंडनच्या ईस्ट एंड भागातील शाळेत शिकवू लागलेल्या मार्क थॅकरे या कृष्णवर्णीय शिक्षकाची भूमिका सिडनी पॉइटिए यांनी विलक्षण संयमाने साकारली आहे. वर्गाच्या एका किळसवाण्या खोडीने त्यांचा तोल सुटतो, आणि त्यानंतर ते पाठ्यपुस्तके कचऱ्याच्या डब्यात टाकून, ही मुले लवकरच स्वतःच्या पायांवर उभी राहणार आहेत हे ओळखून, त्यांच्याशी प्रौढांप्रमाणे वागू लागतात. मुलींना ‘मिस’ म्हणायचे, शिक्षकाला ‘सर’, आणि चर्चा मात्र लग्नापासून मृत्यूपर्यंत कशाचीही करायची, हा त्यांचा शिरस्ता मला फार मोलाचा वाटतो. वर्णद्वेषाचा प्रश्न चित्रपट काहीसा सौम्यपणे हाताळतो, हे मात्र मान्य करावे लागेल. तरीही सील्स या विद्यार्थ्याच्या आईच्या अंत्ययात्रेचा प्रसंग अवश्य लक्षपूर्वक पाहावा. लोकप्रिय झालेले शीर्षकगीत गाणाऱ्या लुलू यांनी त्याच वर्गातील एका विद्यार्थिनीचीही भूमिका केली आहे.