तीन आठवडे, एक टेबल, एक खुर्ची

प्रश्न: माझी मुलगी बारावीला आहे. कॉम्प्युटरवर तयार केलेली थ्रीडी चित्रं ती तासन्‌तास बघते. एकच चित्र झूम करून कोपरान्‌कोपरा न्याहाळते आणि वहीत काहीतरी टिपून ठेवते. स्वतः ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक खोली करायला घेतली, तिला तीन आठवडे लागले. खोलीत आहे काय, तर एक टेबल आणि एक खुर्ची! यात करिअर होईल का? एखादा महागडा कोर्स लावावा का? – एक आई

उत्तर: पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ती वही. लेकीची परवानगी घेऊन एकदा चाळा. पानोपानी नुसतं ‘भारी’, ‘जबरदस्त’ असेल, तर हा छंद आहे आणि छंद म्हणून छानच आहे. पण ‘खुर्ची तिरकी सरकलीय, कुणीतरी घाईत उठलंय’ अशी एखादी ओळ सापडली, तर मला पुन्हा लिहा. या क्षेत्रात त्या नजरेला मोल आहे.

तीन आठवड्यांचं मला तरी नवल वाटलं नाही. थ्रीडीत टेबल उभं करायला पाच मिनिटं पुरतात, पण ते खोटं दिसतं. का, ते बघणाऱ्याला चटकन सांगता येत नाही. कॉम्प्युटरमधली कड गणिती असते, सुरीच्या धारेपेक्षाही तीक्ष्ण. खऱ्या टेबलाची कड किंचित गोलसर असते आणि त्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ उमटते. ती रेघ आणायला कडेला बेव्हल द्यावा लागतो, म्हणजे कड किंचित मोडावी लागते. मग येते झीज. शिकाऊ मुलं सगळीकडे सारखेच ओरखडे ओढतात. प्रत्यक्षात जिथे मनगट रोज टेकतं तिथलं लाकूड गुळगुळीत होतं, ड्रॉवरच्या मुठीभोवतीचा रंग उडतो आणि हात पोचत नाही त्या कोपऱ्यात धूळ साचते. म्हणजे टेबल करण्याआधी ते वापरणारा माणूस ठरवावा लागतो. तो माणूस चित्रात कुठेच नसतो, तरी गोष्ट त्याचीच असते.

उजेडाचंही तेच. संगणकशास्त्रज्ञ जेम्स काजियांनी 1986 साली रेंडरिंगचं, म्हणजे थ्रीडी मांडणीवरून चित्र तयार करण्याचं, समीकरण मांडलं. प्रकाश कुठून येऊन कुठे आपटतो आणि किती परततो, याचा हिशोब त्या पायावर आता मशीन करतं. खिडकी कुठल्या भिंतीला आणि वेळ कुठली, हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं.

मोठ्या स्टुडिओत ही कामं वाटलेली असतात: मॉडेलिंग (वस्तूचा आकार घडवणं), टेक्स्चरिंग (तिचा पृष्ठभाग रंगवणं), लायटिंग (उजेड लावणं), कंपोझिटिंग (वेगवेगळे थर जोडून अंतिम चित्र करणं). वस्तू मांडून जागेला जिवंतपणा आणायचा, याला सेट ड्रेसिंग म्हणतात. तुमच्या वर्णनावरून तिचा कल मला तिकडे दिसतो. गेममध्ये याच्या जवळचं काम एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट करतात. इमारती बांधण्याआधी त्यांची चित्रं करून देणं, हाही एक मोठा व्यवसाय आहे.

महागडा कोर्स आत्ता नको. ब्लेंडर फुकट आहे, 2002 पासून ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. फुकटचं म्हणजे पोरखेळ, असंही समजू नका. 2025 साली ज्या ‘फ्लो’ला सर्वोत्तम अॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं, तो ब्लेंडरमध्येच केलेला आहे.

तिला सांगा, तीच खोली अजून तीनदा कर, एकही नवी वस्तू न आणता. एकदा असं वाटू दे की माणूस आत्ताच उठून गेलाय. एकदा, वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नाही. आणि एकदा, कुणाची तरी वाट बघणं चाललंय. (तिसरं फार अवघड आहे.) मग काहीही न सांगता तुम्हाला दाखवू दे. तुम्ही बरोबर ओळखलंत, तर ते चित्र पोर्टफोलिओत ठेवायचं.

एक धोका सांगतो, कारण यात मी स्वतः चुकलोय. अशीच नजर असलेल्या एका मुलाला मी डोळे झाकून या वाटेला लावलं आणि वर्षभरात त्याने काम सोडलं. सुपरवायझरने अकराव्यांदा ‘सावली थोडी मऊ कर’ म्हटलं की त्याला तो अपमान वाटायचा. इथे कामं बरेचदा प्रोजेक्टपुरती असतात, डेडलाइन कडक असते आणि एका टेबलाला तीन आठवडे कुणी देत नाही. म्हणून पदवीचं शिक्षण चालू राहू द्या. आणि ती तीन चित्रं झाली की एखाद्यात मुद्दाम दुरुस्ती सुचवून बघा, ती कशी घेते ते.

पुढच्या पत्रात एवढं जरूर कळवा: त्या टेबलावर बसणारा माणूस डावखुरा आहे की उजवा? तिला विचारा. तिने ठरवलेलं असेल.