वाचकांचे प्रश्न : जुनी कार्ब्युरेटर-टर्बो गाडी आणि इथेनॉल

प्रश्न : माझी गाडी १९८०च्या दशकातली आहे. टर्बोची हवा दाबाने कार्ब्युरेटरमधून इंजिनात जाते. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ०.७ बार, ताकद सुमारे १२० अश्वशक्ती. ई-८५ला (बहुतांश इथेनॉल असलेल्या पेट्रोल-मिश्रणाला) ४५ टक्के जास्त इंधन लागतं असं कळल्यामुळे १४० नंबरच्या मेन जेटऐवजी (इंधन मोजून सोडणाऱ्या मुख्य भोकाच्या तुकड्याऐवजी) २०३चा जेट घालणार आहे. बरोबर ना?

उत्तर : तो जेट घालू नका. ४५ टक्क्यांचा हिशेब योग्य आहे, पण गुणाकार चुकीच्या आकड्याला केलात. १४० म्हणजे भोकाचा व्यास १.४० मिलिमीटर, आणि इंधन जातं ते भोकाच्या क्षेत्रफळाप्रमाणे. क्षेत्रफळ ४५ टक्के वाढवायला व्यास जेमतेम २० टक्के वाढवावा लागतो, म्हणजे १.६८. २०३मधून दुपटीहून जास्त इंधन येईल. १७०ने सुरुवात करा आणि एकेक नंबर खाली उतरा. लहान जेटपासून वर चढत जाऊ नका. बूस्टमध्ये मिश्रण लीन झालं (हवेच्या मानाने इंधन कमी पडलं) की पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात, तिथे इथेनॉलचा वरचा ऑक्टेनही (इंधनाची अवेळी पेट न घेण्याची क्षमता) वाचवत नाही. आयडल जेट (गाडी जागेवर चालू असताना इंधन देणारा) याच प्रमाणात वाढवा. अॅक्सिलरेटर पंपाचा फवाराही वाढवा, नाहीतर पाय दाबताक्षणी गाडी झटका देईल.

जेटपेक्षा जास्त गाड्या पंपापायी बिघडतात. अशा रचनेत कार्ब्युरेटरच्या वाटीवरही (इंधन साठतं त्या भांड्यावरही) बूस्टचा दाब असतो. त्यामुळे इंधनाचा दाब कायम बूस्टपेक्षा ०.२५ ते ०.३ बार वर हवा. तुमच्या ०.७ बारला तो सुमारे १ बार होतो, आणि रेग्युलेटर बूस्टबरोबर तितकाच दाब वाढवणारा लागतो. १२० अश्वशक्तीला ई-८५ ताशी साधारण ६० लिटर लागेल. १ बारवर ८० लिटर देणारा पंप घ्या. मोकळ्या नळीतून डब्यात सोडून मोजलेला आकडा फसवा असतो. दाब धरून मिनिटाला १.३ लिटर मिळतात का, ते पाहा.

नीडल व्हॉल्व्हचं (वाटीत इंधन सोडणाऱ्या झडपेचं) भोक अपुरं पडत असेल तर ते ओळखता येतं : तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर गाडी चार-पाच सेकंद जोरात ओढते आणि मग लॅम्डाचा (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरचा) काटा लीनकडे सरकू लागतो. वाटी रिकामी होतेय. त्याच क्षणी पाय काढा. फ्लोटची (ती झडप उघडबंद करणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळीही ई-८५ भरूनच लावा. हे इंधन पेट्रोलपेक्षा जड असल्याने फ्लोट वर उचलला जातो आणि व्हॉल्व्ह लवकर बंद होतो.

बूस्टमध्ये लॅम्डा ०.७८च्या आसपास ठेवा. मीटर पेट्रोलच्या मापात असेल तर तो ११.५ (एक भाग इंधनाला इतके भाग हवा) दाखवेल, ते बरोबरच आहे. प्लगच्या रंगावर मात्र विसंबू नका. इथेनॉल कमी काजळी धरतं, त्यामुळे मिश्रण ठीक असतानाही प्लग पांढरट दिसतो.

प्रश्न : पहिल्या टाकीनंतर गाडी मिसिंग करू लागली. फिल्टर तपकिरी गाळाने भरला आहे आणि वाटीत पांढरी पूड दिसते.

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाळ टाकीतला जुना राळेसारखा थर आहे, इथेनॉलने तो सोडवला. पहिल्या दोन-तीन टाक्यांना फिल्टर बदलत राहा. पूड म्हणजे वाटीच्या जस्त-अॅल्युमिनियमला लागलेली झीज. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा. जुन्या रबरी नळ्या काढून टेफ्लॉनच्या अस्तराच्या लावा.

प्रश्न : पंपावरच्या ई-८५मध्ये खरंच ८५ टक्के इथेनॉल असतं का?

उत्तर : ऋतूप्रमाणे कमीजास्त असतं, थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून पेट्रोल वाढवतात. १०० मिलिलिटरच्या मापनळीत ५० पाणी आणि ५० इंधन घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. वर तरंगणारं पेट्रोल १५ मिलिलिटर भरलं तर इथेनॉल ७० टक्के. प्रत्येक नव्या खेपेला हे करा, कारण तुमच्या कार्ब्युरेटरला स्वतःहून जुळवून घेता येत नाही.

प्रश्न : माझ्या गाडीत कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी आहे. हेच सगळं लागू?

उत्तर : जेटचा हिशेब तोच. तुमचा कार्ब्युरेटर दाबाखाली नसल्याने वाढत्या दाबाचा रेग्युलेटर नको. पण इथेनॉलची वाफ होताना मिश्रण फार गार होतं, आणि थंड इंजिनात ते लांब नळीच्या भिंतींवर पुन्हा द्रव होऊन साचतं. मॅनिफोल्डला गरम पाण्याची सोय ठेवा, इंजिन तापेपर्यंत बूस्ट देऊ नका आणि ऑइल नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदला.