मुलीला डिस्लेक्सिया आहे, वाचताना अडखळते. गोव्यात फोंड्याच्या मराठी शाळेतून ती पाचवीत इंग्रजी माध्यमात गेली. ब्राउझरमध्ये ओपनडिस्लेक्सिक या फॉन्टचं एक्स्टेन्शन टाकलं, पण मराठी पानं होती तशीच दिसतात. काय करू?

त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, म्हणून मराठी मजकुरासाठी ब्राउझर आपला नेहमीचाच फॉन्ट वापरतो. इंग्रजीतही निव्वळ फॉन्ट बदलून वाचन सुधारतं, असा ठोस पुरावा नाही. अक्षरांमधली मोकळी जागा जास्त कामाला येते. इंग्रजी माध्यमात गेल्यामुळे तिला दोन्ही लिपी रोज लागणार, तेव्हा दोन्हींसाठी सेटिंग वेगवेगळं ठेवा.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये लेख उघडून एफ९ दाबा. इमर्सिव्ह रीडर उघडतो आणि जाहिराती जातात. त्यातलं टेक्स्ट स्पेसिंग इंग्रजीला चालू ठेवा, मराठीला बंद. अक्षरांमधलं अंतर वाढलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द कुठे संपला तेच कळेनासं होतं. मराठीसाठी अक्षर मोठं करा. लाइन फोकस, म्हणजे ठरावीक ओळीच उठून दिसण्याची सोय, मी तीन ओळींवर ठेवायला सांगेन. एकाच ओळीवर लांब वाक्याचा धागा सुटतो.

ऐकत वाचणं हा सगळ्यांत मोठा आधार. कंट्रोल, शिफ्ट, यू एकत्र दाबा, आवाजांच्या यादीतून मराठीचा आरोही किंवा मनोहर निवडा, वेग थोडा कमी करा. हे आवाज इंटरनेटवरून येतात, रेंज गेली की थांबतात. कोकणीचा धडा मात्र या आवाजांना देऊ नका. लिपी तीच असली तरी उच्चार मराठी वळणाचे होतात, आणि ऐकून शिकणाऱ्या मुलीच्या मनात तेच पक्के बसतात.

फायरफॉक्स वापरत असाल तर सेटिंग्ज, जनरल, फॉन्ट्स, अ‍ॅडव्हान्स्ड इथे जा. वरच्या यादीत देवनागरी निवडा, मुक्ता हा मोफत फॉन्ट आधी संगणकावर टाकून तो लावा, किमान आकार २० करा आणि पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू देण्याची खूण काढा. ती राहिली तर बहुतेक पानांवर तुमचा फॉन्ट दिसणारच नाही.

एफ९ दाबून काहीच झालं नाही तर बहुधा ते मुखपृष्ठ असतं. आतला लेख उघडा. तरीही नाही झालं, तर मजकूर निवडून राइट क्लिक करा, तिथे निवडलेला भाग इमर्सिव्ह रीडरमध्ये उघडायचा पर्याय मिळतो.

स्कॅन केलेल्या पीडीएफवर यातलं काहीच चालत नाही, कारण ब्राउझरच्या दृष्टीने ते चित्र आहे. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधली पीडीएफ वाचायला लावली तर निरर्थक अक्षरं ऐकू येतात. स्कॅन केलेली फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. स्कॅन स्वच्छ असेल तर मजकूर बऱ्यापैकी येतो, पण जोडाक्षरं आणि अनुस्वार तुम्ही स्वतः तपासा, मगच तिच्या हाती द्या.